सालीचा काळा, पाइपाचा जांभळा

माझी नात स्नेहल बारावीला आहे. परवा ती प्रॅक्टिकलची वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली होती आणि इंग्रजीत काहीतरी घोकत होती. मला इंग्रजी येत नाही, शाळा चौथीपर्यंतच झाली. पण त्या घोकण्यात 'फेरिक' आला आणि 'फेनॉल' आला, तेव्हा मी विचारलं, "जांभळा होतो, तेच ना?" ती बघतच राहिली. म्हणाली, "आजी, तुला कसं गं माहीत?" मी म्हटलं, आधी पाठ कर, मग सांगते. तिच्या वहीत ते दोन ओळींत उरकलं आहे. आमच्या घरात त्या दोन ओळींनी माझी नोकरी गेली, माझ्या बाचं हसू झालं आणि माझी आय पहिल्यांदा चारचौघांत तोंड वर करून बोलली. म्हणून हे लिहून ठेवते. गोड काही नाही यात, आधीच सांगते.

आमचं घर महाप्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी होतं. तेव्हा त्या रस्त्याला कंपन्या लागायला सुरुवात झाली होती. घर कौलारू, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात दोरीवर जाळं. बाकीच्यांनी नायलॉनची जाळी घेतली तरी बा सुताचंच जाळं वापरायचा. त्याला वाटायचं नायलॉनमध्ये माशाचा जीव गुदमरतो. जाळ्यातच तर मारायचं असतं, मग गुदमरला काय आणि नाही काय, पण बाला असं कोण विचारणार? सुताचं जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात रंगवावं लागतं. आय साल कुटायची आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात दिवसभर उकळायची. तुरट, ओल्या लाकडासारखा वास घरभर असायचा. भाकरीला यायचा, आमच्या केसांना यायचा. पाणी लाल, चहासारखं व्हायचं. एकदा माझ्या काकीनं घाईत त्या हंड्यात लोखंडी पळी घातली आणि तिथंच विसरली. दुपारपर्यंत हंडाभर पाणी काळं झालं, दौतीतल्या शाईसारखं. बानं सगळं उकिरड्यावर ओतलं आणि काकीला दोन दिवस शिव्या घातल्या. सालीला लोखंड लागलं की ती काळी होते आणि तो काळा रंग सूत खातो, हे आमच्याकडं चार वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हंड्यातलं पाणी जाळ्यावर ओतायला एक मातीचं गाडगं होतं. ते गाडगं म्हणजे बाचा देवच. त्याला मासळी लावायची नाही, चुलीवर ठेवायचं नाही, बाहेरची असली की आयनं हात लावायचा नाही. नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडायच्या आधी त्या गाडग्याला कुंकू लागायचं. वर्षानुवर्षं सालीचं पाणी पिऊन ते आतून बाहेरून तांबडं झालेलं होतं. आय मात्र सकाळी टोपली घेऊन मासळी विकायला निघायची. कोळंबी, चिंबोरी, बोय, निवट्या. निवट्या विकल्या गेल्या नाहीत की आम्हीच खायचो, चिंच आणि लाल मसाला घालून. भाताबरोबर तसं कालवण मी नंतर कुठंच खाल्लं नाही. आता कोणी खाडीतल्या निवट्या फुकट दिल्या तरी घेणार नाही.

मग मासळीला वास यायला लागला. कच्चीला फारसा नाही, शिजवली की यायचा. कालवण उकळलं की घरात दवाखाना उघडल्यासारखं व्हायचं. पहिल्यांदा बा आयवर ओरडला की भांडं नीट घासलं नाहीस. दुसऱ्यांदा आय माझ्यावर ओरडली. तिसऱ्यांदा कोणी कोणावर ओरडलं नाही, गुपचूप मिठाशी भाकरी खाल्ली. आय वाशीच्या नव्या वसाहतीत मासळी द्यायची. तिथल्या एका बाईनं शिजलेलं कालवण पातेल्यासकट जिन्यात आणून तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, फिनेलनं धुता काय हो मासे?" आय म्हणाली, "बाय, आमाला प्यायला पानी नाय, फिनेल कुठना आनू?" ती बाई म्हणाली, "मग टोपली तरी धुवा." आय घरी आली आणि टोपली अंगणात अशी फेकली की तिचा काठ तुटला. "वीस वरसं मासली इकतंय," म्हणाली, "मना सांगते टोपली धू!"

मी त्याच वर्षी कंपनीत लागले होते. सतरा वर्षांची असेन. कंपनीत कसलासा राळेसारखा माल व्हायचा, त्यासाठी पिंपांतून कार्बोलिक यायचं. त्यालाच साहेबलोक फेनॉल म्हणायचे. माझं काम लॅबमध्ये काचा धुण्याचं. बाटल्या, नळ्या, चंचुपात्रं. दिवसाला शेकडो. आधी सोड्यानं, मग साध्या पाण्यानं, मग त्यांच्या त्या खास पाण्यानं तीनदा. एक थेंब जरी काचेला चिकटून राहिला तर ओकसाहेब ती बाटली परत धुवायला लावायचे. ओकसाहेब म्हणजे तिथले केमिस्ट. दादरहून यायचे, डब्यात रोज पोळी-भाजी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आवाज कधी चढवायचे नाहीत. मला शिकवायचे, हे मी नाकारणार नाही. पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाटेतच निघून जायच्या, त्यामुळं कशात काय आहे ते रोज तपासावं लागायचं. टोल्यूइन म्हणून दुसरा माल यायचा, त्याच्याऐवजी कार्बोलिक गेलं तर सगळा घाणा फुकट. ते म्हणायचे, "यमुना, ही सगळी एकाच घराण्यातली. दिसायला सारखी पाणी. नाकावर जाऊ नकोस, नाक फसवतं. रंग बघ."

मी बघायचे. नळीत थोडा माल घ्यायचा, त्यात फेरिकचे दोन-तीन थेंब सोडायचे. फेरिक म्हणजे लोखंडाच्याच क्षाराचं पाणी, ते पिवळं असतं. बेंझिन-टोल्यूइन असेल तर पिवळं तसंच राहतं, काही घडत नाही. कार्बोलिक असेल तर झटक्यात जांभळं, पिकल्या जांभळाच्या रसासारखं. दुसरी खूण ब्रोमिनच्या पाण्याची. त्याची बाटली उघडली की डोळ्यांत पाणी यायचं. कार्बोलिकमध्ये ते घातलं की त्याचा तांबूस रंग जातो आणि दूध नासल्यासारखा पांढरा साका येतो. "पण एकट्या पांढऱ्यावर विश्वास नको," ओकसाहेब म्हणायचे, "अ‍ॅनिलिनपण पांढरंच देतं. जांभळा आणि पांढरा दोन्ही आले, तरच सही करायची." मग मला कळायला लागलं तसे ते चहाला जायचे आणि मी नळ्या लावून ठेवायचे. ते येऊन एक नजर टाकायचे आणि सही करायचे. एकदा कार्बोलिकचा थेंब माझ्या मनगटावर पडला. आधी दुखलंच नाही, नुसतं कातडं पांढरं पडलं आणि बधिर झालं. दुखलं नंतर, आठवडाभर. तो डाग अजून आहे.

रिकामी पिंपं लॅबच्या मागं धुवायचे. ते पाणी नाल्यात, नाला भिंतीखालच्या पाइपातून खाडीत. आमच्या कालवणाला जो वास, तोच माझ्या साडीला. हे कळायला मला काही शिक्षण लागलं नाही. मी घरी सांगितलं. बानं गावात सांगितलं. पाटील आणि आणखी चार जण कंपनीत गेले. मॅनेजर मोठा गोडबोल्या. त्यानं त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि म्हणाला, "तुम्हीच पाणी आणा. तुमच्यासमोर आमच्या लॅबमध्ये टेस्ट करू. कार्बोलिक निघालं तर पिंपं धुवायला पक्का खड्डा बांधतो, नाल्यात थेंब सोडणार नाही. नाही निघालं तर मात्र पुन्हा यायचं नाही." सगळे हो म्हणाले. म्हणजे आमची खाडी आता एका नळीवर आली.

ओहोटीच्या वेळी बा स्वतः चिखलात उतरला आणि पाइपाच्या तोंडाशी पाणी भरलं. कशात? त्या गाडग्यात. एवढं मोठं काम, पाच पंच, साहेबांसमोर जायचं, जवळजवळ शपथच. अशा कामाला घरातलं सगळ्यात शुद्ध भांडं काढायचं, नाहीतर काय कळकट तांब्या न्यायचा? त्यानं ते राखेनं घासलं, कुंकू लावलं, वर केळीचं पान बांधलं. मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. याचा राग मला आजही स्वतःवर आहे. रोज शेकडो काचा तीनदा धुणारी मी, आणि मीच म्हटलं, "बा, बरं घासलंस."

लॅबमध्ये दाटी झाली. मॅनेजर, पाच पंच, बा. आय दाराबाहेर, तिला कोणी आत बोलावलं नाही. ओकसाहेबांनी गाडग्यातलं पाणी नळीत घेतलं आणि फेरिक सोडलं. नळी काळीभोर झाली. पाटील ओरडले, "निंगाला! बगा, निंगाला!" बानं माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा असा मोठा झालेला मी कधी बघितला नव्हता. पण ओकसाहेब नळी खिडकीशी धरून बघत होते. म्हणाले, "थांबा. हा जांभळा नाही. हा काळा-निळा आहे. पाणी कशात आणलंत?" त्यांनी गाडगं हातात घेतलं, हुंगलं. मग त्यात नळाचं पाणी घातलं, चांगलं खळबळवलं आणि त्या पाण्यात फेरिक सोडलं. तेही काळं. "ही जाळ्याची साल," ते म्हणाले. "सालीलाही फेरिक रंग देतं, पण काळा. या भांड्यात आणलेल्या पाण्यावरून कार्बोलिकचं काहीच सांगता येणार नाही."

मॅनेजर हसला. "अरे बाबांनो, म्हणजे तुमचीच साल तुमचे मासे नासवते! आणि नाव आमचं?" एक पंचही हसला, तो गावचाच. बानं गाडगं उचललं, त्यावरचं कुंकू पुसलं आणि बाहेर पडला. आयनं विचारलं, "काय झाला?" तो म्हणाला, "काय नाय. चल."

ओकसाहेब खोटं बोलले नव्हते, हे मला कळतं. काळा तो काळाच होता. पण एवढं बोलून ते गप्प बसले. मागच्या कपाटात मी धुतलेल्या स्वच्छ बाटल्यांच्या रांगा होत्या. त्यातली एक त्यांनी बाच्या हातात दिली असती आणि "परत भरून आण" म्हटलं असतं, तर संपलं असतं. पाइप भिंतीपलीकडं, पन्नास पावलांवर. ते बोलले नाहीत, आणि मीही पगारी नोकर म्हणून उभी राहिले. खरं अर्ध्यावर सोडणारा माणूस खोट्यापेक्षा वाईट, असं माझं मत आहे. खोटं बोलणाऱ्याला निदान भीती असते पकडलं जायची.

चार दिवस बा जाळ्याला गेला नाही. पाचव्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत एक बाटली घेतली. सोडा, पाणी, मग खास पाणी तीनदा. डब्याच्या पिशवीत घालून मागच्या वाटेनं बाहेर गेले आणि पाइपाच्या तोंडातून पडणारी धार थेट बाटलीत धरली. आत येऊन दोन नळ्या लावल्या. फेरिकच्या नळीत जांभळा आला, वाद घालायला जागा नाही असा. ब्रोमिनच्या नळीत पांढरा साका. ओकसाहेब चहाहून आले. मी नळ्या त्यांच्यापुढं धरल्या.

"साहेब, हा कुठला रंग?"

"जांभळा." मग त्यांना बाटली दिसली. "हे कुठलं पाणी?"

"पाइपाचं. बाटली तुमची, धुतलेली मी. आता सही करा."

ते दार लावून आले. हळू आवाजात म्हणाले, "यमुना, वेडेपणा करू नकोस. नोकरी जाईल तुझी."

"माझी का तुमची?"

ते चष्मा पुसत बसले. मी दोन्ही नळ्यांना बुचं लावली आणि पिशवीत ठेवल्या. बाला दाखवायच्या होत्या. एवढंच डोक्यात होतं, की बानं तो रंग बघावा.

दोनचा भोंगा झाला. पाळी सुटताना गेटवर पिशव्या बघायचे. वॉचमननं माझा डबा उघडला, पिशवी झटकली आणि नळ्या हातात घेऊन ओरडला, "ये क्या है रे?" कंपनीचा माल नेला म्हणून मॅनेजरला बोलावलं. चोरी मी केलीच होती, दोन नळ्या आणि दोन बुचं. पाळी सुटलेले तीस-चाळीस जण भोवती जमले, बहुतेक आसपासच्या गावांतलेच. गेटच्या बाहेर आय टोपली घेऊन बसली होती. पाळी सुटायच्या वेळी ती तिथं यायची, आणखी गिऱ्हाईक कुठं उरलं होतं? मॅनेजरनं विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, "तुमचा पाइप." त्यानं ओकसाहेबांना बोलावलं. ते आले. मॅनेजरनं जांभळी नळी त्यांच्या हातात दिली. "ओक, काय आहे हे?"

मला अजून आठवतं, त्यांनी ती नळी उजेडातही धरली नाही. म्हणाले, "तेच. सालीचं पाणी आहे."

  तेवढ्यात आय वॉचमनला बाजूला सारून आत आली. तिच्या हाताला मासळीचं पाणी होतं, तशाच हातानं तिनं ओकसाहेबांच्या हातातली नळी काढून घेतली. उन्हात धरली.

"ही साल हाय?"

"हो बाई," मॅनेजर म्हणाला, "केमिस्ट सांगतायत ना."

"सायेब, मी लगीन होऊन आले तवापासना साल उकलतंय. सालीला लोखंड लागला का ती काली होतं. काली! कोलशासारखी. कवा जांभली होत नाय. तवा गाडग्यात होती ती साल, मी मानलं, आमची चूक. ही साल नाय." मग ती जमलेल्यांकडं वळली. "काय रं, तुमच्या घरान् कोनी जांभली साल बगितली हाय का?"

 मग एक म्हातारा पिंपं धुणारा हसायला लागला. म्हणाला, "नाय बाय. माज्या बायकोनं कढईन् उकलली होती एकदा, काली ठिक्कर झाली." दुसरा म्हणाला, "आमची पन कालीच." मग सगळेच. इतका वेळ नळीतलं त्यांना काही कळत नव्हतं. साल मात्र प्रत्येकाला कळत होती. आयनं ओकसाहेबांना विचारलं, "सायेब, तुमी शिकलेले. तुमीच सांगा यांना, जांभला कशाचा?" त्यांनी मान खाली घातली. सगळ्यांनी ते बघितलं. त्या दिवशी दुसऱ्या पाळीचे लोक आत गेले नाहीत. पाटलांना बोलावणं गेलं, आणि जो पंच लॅबमध्ये हसला होता तो गेटसमोर सगळ्यात पुढं बसला. संध्याकाळपर्यंत मॅनेजरनं खड्डा बांधायचं कबूल केलं.

खड्डा झाला. त्या पाइपातून कार्बोलिक यायचं बंद झालं. पण रस्त्याला तोवर इतक्या कंपन्या झाल्या होत्या की एक पाइप थांबला आणि बाकीचे सुरूच राहिले. मासळीचा वास कमी झाला, मग दुसराच कसला तरी यायला लागला. आयनं खाडीची मासळी विकणं सोडलं. माझी नोकरी चोरीच्या नावाखाली गेली. ओकसाहेबांना पुढं बढती मिळाली असं ऐकलं. लोक मला म्हणतात, यमुनाबाई, इतक्या वर्षांनी राग कशाला, त्यांनाही बायकापोरं होती. आम्हालाही आई-बाप होते. राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले तर बा ओट्यावर बसला होता. गाडगं उलटं करून ठेवलं होतं. त्याला गेटवरचं सगळं आधीच कळलं होतं. तो म्हणाला, "कसा होता रंग?" मी म्हटलं, जांभळाच्या रसासारखा. "म्हंजे कसा? वांग्यासारखा?" नाही, म्हटलं, त्याच्यापेक्षा उजळ. "मग जास्वंदीसारखा?" मला सांगता येईना. नळ्या कंपनीनं ठेवून घेतल्या होत्या. तो नंतर कित्येकदा विचारायचा, जेवताना, जाळं विणताना, शेवटच्या आजारातसुद्धा. मी दरवेळी दुसऱ्या कशाचं तरी नाव घ्यायचे आणि दरवेळी त्याला ते पटायचं नाही.

काल स्नेहल कॉलेजातून आली. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. स्टँडमध्ये नळी, नळीत तो रंग. "आजी, बघ, माझा एकदम परफेक्ट आला. हाच ना?"

हाच. मी चष्मा लावून बघितला, मोठा करून बघितला. बाला वीस वर्षं जे मला सांगता आलं नाही ते बोटभर काचेत होतं.

"कुणाला पाठवू का गं?" ती म्हणाली.

"ओकसाहेबांचा नंबर असता तर पाठव म्हटलं असतं," मी म्हटलं. "खाली फक्त लिहायचं, साहेब, हा कुठला रंग?"